मी इथे नव्हते ते सहा महिने

शुद्धलेखनाच्या चुकांची आणि या अक्षराची आधीच माफी मागते. कुणाची मागते ते मला नीट सांगता येणार नाही. ही वही लेकीची, तिच्या पाचवीतली. पुढची दहा-बारा पानं तिच्या गणितांनी भरलेली आहेत आणि मग सगळी कोरी. तिला मराठी वाचता येत नाही. यांना येतं, पण माझ्या वस्तूंना ते हात लावत नाहीत. तरी दारात चपला काढल्याशिवाय आत पाऊल टाकवत नाही, तसं माफी मागितल्याशिवाय मला लिहायला घेता येत नाही. माझं अक्षर ओळीवर बसत नाही. शब्द ओळीवर सुरू होतो आणि चढत चढत वरच्या ओळीला जाऊन टेकतो. सहीचं तर विचारूच नका. आमच्या शाळेचे हेडमास्तर म्हणायचे, "बाई, तुमची सही एखाद दिवशी पानावरून उडून जाईल." त्या सहीबद्दलच लिहायचं आहे.

आमच्या वाडीतली शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीला ओढा ओलांडून पलीकडच्या गावी जावं लागे, आणि घरी धाकट्यांना सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून मी चौथीत थांबले. पुढे वीस वर्षांनी त्याच शाळेत पुन्हा गेले ती मुलांची खिचडी शिजवायला. वर्गामागे पत्र्याची शेड होती. मोठ्या पातेल्यात तांदूळ, डाळ, वाटाणे, हळद. झाकण काढलं की वाफ अशी उठायची की क्षणभर शेड, मुलं, डोंगर काही दिसायचं नाही. मला तो क्षण फार आवडायचा. त्या वाफेत कुणी मला बघत नसे.

खिचडी वाढायच्या आधी हेडमास्तर चमच्याने चव घेत आणि एका लांब वहीत लिहीत: आज मुलं किती, तांदूळ किती, चव कशी. "मीठ कमी." "चव बरी." कधीतरी "आज छान." त्यापुढे मी सही करायची. रोज तीच सही, रोज ओळ सोडून वर गेलेली.

बत्तीस वर्षांची झाले तरी माझं लग्न जमलं नव्हतं. मला बोलता येत नाही, हेच माझं व्यंग. पाहुणे बघायला आले की मी आतच पोह्यांवर कोथिंबीर घालत बसायचे आणि बाहेर येईपर्यंत पोहे गार व्हायचे.

दोन हजार चारच्या जुलैमध्ये हे आले. पहिली बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. थोरल्या बहिणीने कागद केले म्हणून हे अमेरिकेला गेलेले, न्यू जर्सीत पिस्कॅटवेजवळ एका देशी किराणा दुकानात कामाला, आणि आता तिथलेच नागरिक झालेले. बरोबर सात वर्षांची मुलगी. तिच्या बुटांच्या टाचेत लाल दिवे होते, ती चालली की लुकलुकायचे. आमच्या ओसरीवर ती दिवे लावत इकडून तिकडे फिरली आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मीही बोलले नाही. मला वाटलं, हिचं माझं जमेल.

मला तिकडे नेण्यासाठी सरकारी कागद लागणार होता, म्हणून आधी रजिस्टर लग्न करायचं ठरलं. आमची नोटीस कचेरीच्या फळ्यावर महिनाभर लटकली आणि ऑगस्टमध्ये आम्ही जाऊन सह्या केल्या. साहेबांनी माझी सही बघून चष्मा वर केला. मग स्टँडवर आम्ही सगळ्यांनी भजी खाल्ली. संध्याकाळी हे त्यांच्या भावाच्या गावी गेले आणि मी आईबरोबर एसटीने वाडीला परत आले. उतरताना आईने सांगून ठेवलं, "कागदावर लग्न म्हणजे नुसता अर्ज दिलाय, एवढं लक्षात ठेव. अक्षता पडतील तेव्हा लग्न." आठवड्याने हे आणि मुलगी विमानाने निघून गेले. अक्षता पुढच्या मे महिन्यात पडायच्या होत्या, व्हिसा झाल्यावर.

मधले ते महिने मला अजून स्वप्नात येतात. माझं लग्न झालं होतं आणि झालं नव्हतं. गळ्यात काही नव्हतं. बायका विचारायच्या, "झालं का गं?" मी "हो" म्हणायचे, मग "नाही" म्हणायचे, आणि त्या हसत पाण्याला जायच्या. मी रोज दहा वाजता शेडमध्ये जाऊन चूल पेटवत होते. वाफेत डोळे मिटले की कुठल्या तरी लांबच्या घरातली खिडकी दिसायची. त्या घरात मी नसायचे. एक मुलगी दिव्यांचे बूट घालून फिरत असायची आणि खिडकीबाहेर पांढरं काहीतरी पडत असायचं. बर्फ मी तोवर पाहिला नव्हता, म्हणून स्वप्नात तो पिठासारखा दिसायचा.

मे महिन्यात अक्षता पडल्या. लेकीला बहिणीकडे ठेवून हे आठ दिवसांसाठी आले होते. परत जाताना मला घेऊन गेले.

त्या खिडकीची खरी खिडकी दुसऱ्या मजल्यावर होती आणि समोर गाड्या लावायची जागा. लेक मला "मावशी" म्हणू लागली. यांनीच तसं शिकवलं होतं. ते मला बरं वाटलं. आई होती तिची. काही आठवड्यांनी माझ्या नावाचं कार्ड आलं, त्यावर नऊ आकडे. हे म्हणाले, "इथे कामाला, बँकेला, सगळीकडे हा नंबर विचारतात. पाठ कर." मी पोळ्या लाटताना तो म्हणत बसायचे. इंग्रजीत मला पहिल्यांदा जे घडाघडा बोलता आलं ते हे नऊ आकडे.

दीड वर्ष असं गेलं. मग दोन हजार सहाच्या शरदात पाकीट आलं.

पत्र लेकीने वाचलं, कारण यांचं इंग्रजी दुकानापुरतं आणि माझं नऊ आकड्यांपुरतं. ती तेव्हा चौथीत होती. मला गंमत वाटायची, मी जिथे थांबले तिथे ती आता पोचली होती आणि सरकारची पत्रं वाचत होती.

"बाबा, हे टू थाउजंड फोरचं आहे," ती म्हणाली. "दे वॉन्ट प्रूफ. मी तुमच्याकडे राहत होते त्याचं, आणि तुम्ही मॅरिड नव्हता त्याचं."

प्रकरण असं होतं. ज्याचा पगार कमी आहे आणि जो मूल सांभाळतो, त्याला इथलं सरकार टॅक्सच्या वेळी काही पैसे देतं. त्याला क्रेडिट म्हणतात. हे एकटे मुलीला सांभाळत होते म्हणून यांना ते मिळत असे. पण लग्न झालेलं असेल तर नवराबायकोने मिळून कागद भरायचा, आणि दोघांकडेही तो कामाचा नंबर पाहिजे. दोन हजार चारचा कागद यांनी पुढच्या जानेवारीत, म्हणजे मी येण्याआधी भरला होता.

"टॅक्सचा कागद भरून देणाऱ्याने तुम्हाला काय विचारलं होतं?" मी विचारलं.

"मॅरिड का, म्हणून विचारलं."

"मग?"

"म्हटलं, मे महिन्यात."

हे खोटं बोलले नव्हते. यांच्या मनात, माझ्या मनात, आईच्या मनात, लग्न मे महिन्यातच होतं. त्या माणसाने एकट्या बापाच्या चौकटीत खूण केली.

आम्ही पुरावा पाठवला. लेकीच्या शाळेचं पत्र, घराच्या भाड्याच्या पावत्या, आणि लग्न मे महिन्यात झालं हे दाखवायला लग्नाची पत्रिका. गणपतीचं चित्र आणि कोपऱ्याला हळद-कुंकवाचं बोट लागलेली ती पत्रिका मी स्वतः सगळ्यांच्या वर ठेवली. पण पत्रिका मराठीत. हे म्हणाले, "इंग्रजीतलंही काहीतरी हवं." म्हणून खाली कचेरीतला दाखला ठेवला. त्यावर ऑगस्टची तारीख होती. ती तारीख आम्हा दोघांना दिसली आणि तरी दिसली नाही. आमच्या लेखी तो अजून अर्जच होता.

हिवाळ्यात उत्तर आलं. पत्रिकेबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. लेक बोट ठेवून वाचत गेली आणि मग थांबली. "मावशी, इट सेज यू वेअर मॅरिड. ऑगस्टमध्ये." वर्षाच्या शेवटच्या दिवशी यांचं लग्न झालेलं होतं, बायकोबरोबर कागद भरला नव्हता, आणि त्या बायकोकडे तेव्हा नंबरही नव्हता. क्रेडिट नामंजूर. दिलेले पैसे, कमी भरलेला टॅक्स आणि व्याज मिळून साडेतीन हजारांच्या वर परत करायचे. यापुढे मुद्दाम चुकीचं मागितल्याचं दिसलं तर काही वर्षं क्रेडिट बंद, असंही होतं.

हे बराच वेळ पाकिटाची चिकटपट्टी नखाने सोलत बसले. मग म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. तारीख आपणच दिली."

दर महिन्याला शंभर डॉलरचा हप्ता ठरला. त्या वर्षी टॅक्सचे जे पैसे परत यायचे तेही तिकडेच वळते झाले. आणि व्हायोलिन गेलं.

लेकीच्या शाळेत चौथीपासून वाद्य शिकवत. तिने व्हायोलिन घेतलं होतं, दर महिन्याच्या भाड्याने. जेमतेम चार महिने झाले होते. तिच्याकडून तीन सूर धड निघायचे, चौथा निघताना हे दात आवळायचे. पण ती वाजवायला लागली की मी हातातलं काम थांबवून दाराआड उभी राहत असे. आता हप्ता आणि भाडं दोन्ही बसत नव्हतं. शनिवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. तिने पेटी स्वतः उचलून नेली, टेबलावर ठेवली आणि कडी नीट लागली का बघितली. गाडीत ती पुढे बसली नाही. मागे माझ्या शेजारी बसली आणि खिडकीकडे बघत हळूच म्हणाली, "इट्स बिकॉज ऑफ यू, मावशी. तू टू अर्ली लग्न केलंस."

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. एखादं गणित सोडवून दाखवावं तसं म्हटलं. म्हणून ते जास्त लागलं. तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. मी आल्यामुळे हिचं काही गेलं, असं कुठल्या कागदावर राहू नये.

मी पोळ्या करून द्यायला लागले. आसपास पुण्या-मुंबईचे, नागपूरचे कॉम्प्युटरवाले खूप. बायकाही नोकरी करणाऱ्या. दुकानातल्या फळ्यावर यांनी चिठ्ठी लावली, "घरगुती पोळ्या". त्यातल्या एक पुण्याच्या बाई दर बुधवारी वीस पोळ्या न्यायच्या. दारातच उभ्या राहून एवढं बोलायच्या की मला काही बोलावंच लागत नसे. "ताई, तुमच्या पोळीला घडी कशी राहते यार? माझी म्हणजे पापड होतो. नवरा म्हणतो, तू कोडच लिही." मी हसायचे. त्या म्हणायच्या, "हसा, हसा."

पोळ्यांचे पैसे मी डब्यात टाकत होते आणि हप्त्याला देत होते. एक वर्ष गेलं. हप्ता भरला की मला झोपेत शाळेची वही दिसायची. लांब पानं, त्यावर मी सही करायची, आणि सही वर चढत जाऊन कागदाबाहेर निघून जायची, वाफेसारखी. मग हेडमास्तर पान उलटून विचारायचे, "बाई, तुम्ही आज आला होतात ना?"

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत त्या पुण्याच्या बाईंनीच सांगितलं की लायब्ररीत टॅक्सचे कागद फुकट भरून देतात. "रिटायर झालेली माणसं बसतात. एकदम शार्प असतात. त्या टॅक्सच्या दुकानवाल्याला कशाला पैसे देता?" म्हणून त्या वर्षी आम्ही तिघं लायब्ररीत गेलो.

आमच्या टेबलावरच्या आजी सत्तरीच्या असतील. विणलेला निळा स्वेटर, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. त्यांनी आमचे कागद पाहिले, हप्त्याचं पत्र पाहिलं आणि लेकीला विचारलं, हे काय आहे? लेकीने सगळं सांगितलं. ऑगस्ट, मे, पत्रिका, सगळं. मी खाली बघत होते. आजींनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं.

"मावशी, त्या विचारतायत, त्या वर्षी जुलै ते डिसेंबर तू कुठे होतीस?"

मी तोंड उघडायच्या आत लेकच आजींकडे वळली. "शी वॉजन्ट हिअर," ती म्हणाली. "इट वॉज जस्ट मी अँड बाबा. नोबडी आस्क्ड मी."

आजींनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते लेकीने आम्हाला दोनदा समजावलं. लग्न झालेलं असलं तरी वर्षाचे शेवटचे सहा महिने बायको त्या घरात राहिलेलीच नसेल, मूल बापापाशी असेल आणि घराचा निम्म्याहून जास्त खर्च तोच करत असेल, तर त्या कागदापुरतं त्या माणसाला एकटंच धरतात. ते क्रेडिट यांचंच होतं. खूण बरोबर चौकटीत होती, फक्त कारण चुकीचं सांगितलं होतं. बायको कुठे राहते हे आम्ही कधी कळवलंच नव्हतं. आम्ही लग्नाच्या तारखेवर भांडत राहिलो.

"पण," आजी म्हणाल्या, "ती इथे नव्हती हे दाखवावं लागेल. आणि एप्रिलच्या पंधरा तारखेच्या आत अर्ज गेला पाहिजे. त्या वर्षीचा कागद भरायच्या शेवटच्या तारखेला तेव्हा तीन वर्षं पुरी होतात. त्यानंतर कितीही खरं असलं तरी पैसे मिळणार नाहीत."

पासपोर्ट होता. तो नोव्हेंबरमध्ये निघालेला आणि त्यावर इथला पहिला शिक्का पुढच्या उन्हाळ्यातला. आजी म्हणाल्या, हे चांगलं आहे, पण त्या महिन्यांत ती तिकडे होती असा आणखी काही कागद असेल तर फार बरं. नोकरी? पगाराची पावती? लेकीने मला विचारलं. मी मान हलवली. पगार हातात मिळायचा, तोही तीन-तीन महिन्यांनी. मग घरी येताना, गाडी सिग्नलला थांबली असताना, मला ती लांब वही आठवली.

फोन मलाच करावा लागणार होता. यांना वहीतलं काही माहीत नव्हतं. सकाळी साडेसहाला, म्हणजे तिकडे संध्याकाळी पाचला, मी परदेशी फोन करायच्या कार्डावरचे आकडे दाबले. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. हेडमास्तरांचा "हॅलो" ऐकला आणि कागद हातात असून मला वाचता येईना.

"कोण बोलतंय? अहो, कोण?"

"सर, मी. खिचडीवाली."

"अरे! बाई! अमेरिकेतून? काय, तिकडे पण मीठ कमी घालता का?"

मग मला बोलता आलं. म्हटलं, सर, दोन हजार चारची चवीची वही पाहिजे. जुलैपासून डिसेंबरपर्यंतची पानं. मी तिथे होते हे दाखवायचं आहे.

"होतातच की! खिचडी काय भुताने शिजवली?"

"इथल्या सरकारला दाखवायचंय, सर."

ते म्हणाले, मे महिन्यात मी रिटायर होतोय, जुनी दप्तरं निकालात काढायची यादी कालच केली. वही त्याच पेटीत असेल, उंदरांनी ठेवली असेल तर. उद्या बघतो. "आणि बाई, तुमची सही शोधायला मला चष्मा लागायचा नाही."

त्यानंतरचे तीन आठवडे मी जिना उतरून टपालाची पेटी बघून यायचे, दिवसातून दोनदा. टपाल एकदाच येतं हे माहीत असूनही. बर्फ वितळून गाड्यांच्या जागेत काळं पाणी झालं होतं. मार्चच्या शेवटी तपकिरी पाकीट आलं, सुतळीने बांधलेलं, लाख लावलेलं. आत झेरॉक्स आणि वर शाळेचा गोल शिक्का. प्रत्येक पानाच्या उजव्या कडेने माझ्या सह्या एकाखाली एक, सगळ्या वर चढलेल्या. मधे दिवाळीच्या सुट्टीची जागा रिकामी होती. पासपोर्ट त्या सुट्टीनंतर निघालेला, त्यामुळे तेव्हा मी कुठे जाणार, हे कुणालाही कळलं असतं.

इंग्रजी करून द्यायला बाहेरचं माणूस हवं होतं. पुण्याच्या बाई बुधवारी पोळ्या न्यायला आल्या त्या स्वयंपाकघरात बसल्याच. लॅपटॉप उघडून एकेक ओळ टाइप करत गेल्या. "सोळा जुलै, मुलं एकेचाळीस, मीठ कमी. सतरा जुलै, मीठ कमी. ताई, हे काय यार, रोज मीठ कमी?"

"सरांना रक्तदाबाची गोळी चालू होती. घरी अळणी जेवायचे," मी म्हटलं. "शाळेत कसर काढायला बघायचे."

त्या इतक्या हसल्या की टायपिंग थांबलं. ऑगस्टमधल्या एका तारखेला माझी सही नव्हती. तिथे कुणाचा तरी अंगठा, आणि पुढे हेडमास्तरांच्या अक्षरात, "बदली बाई. डाळ करपली." तो आमच्या रजिस्टर लग्नाचा दिवस. दाखल्यावरची तारीख आणि करपलेली डाळ, दोन्ही एकाच दिवशी.

लेक शाळेतून आली आणि बाईंच्या मागे उभी राहून स्क्रीनवर वाचू लागली. "सॉल्ट लेस. सॉल्ट लेस. टेस्ट ओके. मावशी, दे वेअर सो मीन टू यू." मग ती एका ओळीवर अडली. "हे काय?"

बाईंनी झेरॉक्स जवळ धरला. मोठ्याने वाचलं. "आज अमेरिकेहून आलेल्या पाहुण्या मुलीने चव घेतली. दोनदा घेतली. चव छान."

मी ते विसरले होते. नोटीस फळ्यावर होती त्या दिवसांत हे मुलीला घेऊन शाळा बघायला आले होते. ती शेडच्या खांबाला धरून उभी होती. हेडमास्तरांनी तिच्यापुढे चमचा धरला, आणि मी पातेल्यामागे, वाफेत.

लेक खुर्ची ओढून बसली. माझ्या त्या दिवसाच्या सहीवर तिने बोट ठेवलं, जिथे सही ओळ सोडून वर निघाली होती तिथपर्यंत नेलं. "आय रिमेंबर," ती म्हणाली. "इट वॉज यलो. हॉट होतं. मला अजून हवं होतं, पण मला मराठीत विचारता येईना."

"मलाही," मी म्हटलं. "तू अजून घेतेस का, ते इंग्रजीत विचारता येईना."

बाई उगाच पोळ्यांचा डबा उघडून परत बंद करत बसल्या.

आजींनी अर्ज भरला, त्यामागे पासपोर्टची पानं, भाड्याच्या पावत्या, शाळेच्या वहीची पानं आणि त्यांचं इंग्रजी लावलं. त्यांनी ते सगळं वाचलं आणि लेकीला काहीतरी म्हणाल्या. लेकीने मला सांगितलं, "त्या म्हणतायत, तीस वर्षं त्यांनी टॅक्सचं काम केलं, पण प्रूफ वाचून भूक कधी लागली नव्हती." आठ एप्रिलला रजिस्टर टपालाने पाकीट गेलं. या वेळी पत्रिका ठेवली नाही. हे म्हणाले, "ठेवूया का?" मी नको म्हटलं.

मग बरेच महिने काही आलं नाही. हप्ते चालूच होते, जूनमध्ये शेवटचा गेला. आम्ही सगळे पैसे भरून मोकळे झालो होतो, आणि मोकळं झाल्यासारखं वाटत नव्हतं. दुपारी सगळं आवरलं की मी खिडकीशी बसायचे. मला वाटायचं, कुठल्या तरी गावातल्या ऑफिसात कुणीतरी परका माणूस माझ्या सह्या एकामागून एक बघतो आहे. त्याला वाडी दिसत असेल का? मीठ कमी, चव बरी. तो दुपारच्या जेवणाला उठत असेल का?

यांनी लेकीला विचारलं, पैसे आलेच तर व्हायोलिन परत आणू या का. ती म्हणाली, "नो बाबा, आता मला ड्रम्स हवेत." हे माझ्याकडे बघायला लागले. मी हसू दाबलं.

ऑगस्टच्या शेवटी दोन पाकिटं आली. पहिल्यात एकच पान. लेक आता अशी पत्रं बोट न ठेवता वाचते. वाचून म्हणाली, "दे बिलीव्ह यू. तू इथे नव्हतीस." मी तिथेच जिन्यावर बसले. आयुष्यात मी कुठेकुठे असून नसल्यासारखी होते. पाहुण्यांच्या समोर, वर्गाच्या मागे. ते कधी कुणाच्या उपयोगी पडलं नव्हतं.

दुसऱ्या पाकिटात चेक होता. त्यावर यांचं एकट्याचं नाव. माझं कुठेच नव्हतं, आणि ते बरोबरच होतं, त्या वर्षाचा कागद यांचा एकट्याचाच होता. शनिवारी आम्ही तिघं बँकेत गेलो. यांनी मागे सही केली, काउंटरवरच्या बाईने शिक्का मारला, आणि लेकीने पावतीवरचा आकडा पत्रातल्या आकड्याशी ताडून पाहिला. भरलेल्या हप्त्यांचे, वळते केलेले, वर त्यांच्याकडचं व्याज. सगळे पैसे परत आले.